भावजींचा कुकारा

२ ऑक्टोबर १९८१, शुक्रवार

ही डायरी मला जानेवारीत मिळाली आणि आज ऑक्टोबर आहे. मधल्या नऊ महिन्यांत तिच्यात एकच गोष्ट लिहिली गेली. मार्चच्या एका पानावर धोब्याकडे टाकलेल्या कपड्यांची यादी, आणि तीही तिसऱ्या पँटीवर थांबली, कारण बाहेर दोन मांजरं भांडायला लागली म्हणून मी बघायला गेलो. उद्या लिहू, उद्या लिहू असं चाललं होतं.

दिली जयप्रकाश साहेबांनी. मूळ पुण्याचे, इथे बहारीनच्या राजधानीत, मनामात, बँकेत अकाउंटंट आहेत. त्यांच्या घरचा एसी बसवायला मी मिस्त्रीबरोबर गेलो होतो, तेव्हा माझी बडबड ऐकून म्हणाले, "शंभूराव, तुमचं बोलणं म्हणजे सुटलेलं वासरू. रोज चार ओळी लिहा, दावं लागेल." त्यांच्या बायकोने, हेमा वहिनींनी, चहाबरोबर चकल्या दिल्या. चकली मऊ पडली होती, पण ते असो.

दावं लागण्यातला मी नव्हे. आठवीत दोनदा बसलो, मग मालवणच्या बर्फाच्या कारखान्यात, मग गोव्याला खनिजाच्या बार्जवर, मग मुंबईला शिंप्याकडे काजं करायला. नऊ महिने एका जागी काढायची वेळ जन्मात एकदाच आली होती, तेव्हाही मी सातव्यातच बाहेर पडलो. इथे बहारीनला सलमाबादच्या वेअरहाऊसमध्ये एसीच्या डक्टला ग्लासवुल गुंडाळतो. अंग खाजतं, खोकला जात नाही. दीड वर्ष झालं. मला इथे आणलं दत्ताराम भावजींनी. माझी मोठी बहीण सत्यवती, जिला आम्ही बाय म्हणतो, तिचे हे यजमान. व्हिसा त्यांनी मिळवला, खोलीत खाट त्यांनी लावून दिली.

आज लिहायला बसलो त्याचं कारण कुणाला सांगण्यासारखं नाही. आज भावजी हॉटेलच्या स्विमिंग पूलशेजारी इंग्रजी गाणं गायले आणि गोरे लोक खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. माझ्या हातांना आतून कुणीतरी चावत होतं.

५ ऑक्टोबर, सोमवार

हे सगळं कसं झालं ते लिहून ठेवतो, नाहीतर पुढे लोक म्हणतील दत्ताराम जन्मतःच गवई होता.

गावात बुवा मी होतो. आमच्याकडे डबलबारी भजन असतं, म्हणजे दोन बुवा समोरासमोर, एकाने टोमणा मारून गायचं, दुसऱ्याने त्याला गाऊनच उत्तर द्यायचं, आणि गाव पहाटेपर्यंत बसून निकाल लावणार. सतराव्या वर्षी मी पेटीवर बसलो. भावजी माझ्यामागे कोरसमध्ये, झांज घेऊन. पुढे कधी बसले नाहीत. त्यांच्या आईने, काशीबाईंनी, शपथ घातली होती. त्यांचे वडील दशावतारी कंपनीत राजाचा पार्ट करायचे, ते एका जत्रेला गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून "गावचा तर मागे बसान", म्हणजे गायचं तर मागे बसून, असा म्हातारीचा हुकूम. तर शपथेमुळे मागे बसले असं लोक म्हणतात. माझं म्हणणं, पुढे बसायला अंगात लागतं.

एकदा कुणकेश्वरच्या बारीत मी मधेच कडवं विसरलो. समोर एक म्हातारा झोपेत डुलत होता, तो पडतो की काय ते बघत राहिलो. तेवढ्यात भावजींनी मागून कुकारा मारला. डोंगरावरून पलीकडच्या वाडीला हाक मारतात तो कुकारा, आवाज खालून वर फुटत जातो आणि टोकाला मोडतो. लोकांना वाटलं गाण्यातच आहे. बारी आम्ही जिंकलो. सगळे त्या कुकाऱ्याचंच बोलत होते.

इथे ते अवालीच्या तेल कंपनीतल्या अमेरिकन इंजिनीयरांची व्हॅन चालवतात. दोन वर्षं व्हॅनमध्ये त्या लोकांच्या कॅसेटी ऐकल्या, ऐकून ऐकून पाठ झाल्या. अर्थ शून्य. ट्रॅफिकमध्ये एकदा मोठ्याने गायले आणि आवाज मोडायच्या जागी आपला कुकारा घातला. मागे बसलेला इंजिनीयर म्हणे सीटवरून उठला. त्याच्या वाढदिवसाला क्लबमध्ये गायला नेलं. तिथे हॉटेलच्या बँडचा मालक कमाल ढोल वाजवत होता. हा हैदराबादचा, चार माणसांचा बँड चालवतो. त्याने पकडलं.

एक कुकारा. अख्खं करिअर एका कुकाऱ्यावर.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

हॉटेलच्या दारात बोर्ड लागलाय. 'डॅन राम, फ्रायडे बार्बेक्यू, कंट्री अँड पॉप'. वर हॅट घातलेला फोटो. ती हॅट इंजिनीयरने दिली. डोक्याला मोठी होते म्हणून आत गावाहून आलेल्या पेपरची घडी घालतात.

गाणी मीच लिहून देतो हे बोर्डावर नाही. कॅसेट थांबवत थांबवत ऐकतो आणि देवनागरीत उतरवतो, याच डायरीच्या शेवटच्या पानांवर. भावजींना जेमतेम सही येते, मी वाचून दाखवतो, ते दोनदा ऐकतात आणि झालं. मला लिहून लिहून येत नाही ते त्यांना ऐकून येतं.

संपल्यावर विचारतात, "शंभ्या, कसा झाला? खरा सांग."

"बरा झाला," मी म्हटलं. "तिसऱ्या गाण्यात पट्टी सुटली."

"व्हय मा? माका पण वाटला."

पट्टी सुटली नव्हती. त्यांना काही वाटलं नव्हतं. मी म्हटलं म्हणून वाटलं. आठवडाभर आता ते गाणं ते घाबरत गाणार. हे लिहिताना बरं वाटतंय आणि बरं वाटतंय याची लाजही वाटतेय, पण पहिलं जास्त.

तळ्याकाठी, मी त्या स्विमिंग पूलला तळंच म्हणतो, एक बाई भावजींकडे बघून आपल्या नवऱ्याला म्हणत होती ते मला अर्धं कळलं. आवाज रडवणारा आहे असं काहीतरी. माझ्या आवाजाने आजवर फक्त माझा पुतण्या रडलाय.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज एक गोष्ट केली.

शेजारच्या गावचा सुतार तुकाराम परवा रजेवर जातोय. दिवाळीसाठी सगळ्यांच्या कॅसेटी त्याच्याकडे. इथे पत्र कोण लिहितो? टेपसमोर बसायचं, आईपासून बैलापर्यंत सगळ्यांची चौकशी करायची आणि जाणाऱ्याच्या हातात द्यायचं. गावात टेप सुरू झाला की अख्खी वाडी ओटीवर जमते.

भावजींनी बुधवारीच भरली. "आये, मी बरो आसंय. गाडी चलयतंय. सत्या, झिलाक शाळेत धाड." एवढंच. गाण्याबद्दल अवाक्षर नाही. मला म्हणाले, "आयेक कळाक नको हां. तिका पुन्हा बापाशीची आठवण येतली."

ती कॅसेट माझ्याकडे होती, तुकारामला पोचवायला. एक बाजू भरलेली, दुसरी कोरी.

आज मी टेप पिशवीत घालून तळ्याकाठी नेला. भावजी गायला लागले तसं बटण दाबलं. दोन गाणी सगळी आली. कुकारा आला, टाळ्या आल्या, ग्लासांचा किणकिणाट आला, बायांचं हसणं आलं, कमालचं "डॅन राऽऽम" आलं. मध्ये मला खोकला आला तो दाबता दबला नाही.

मी काही खोटं केलं नाही. जे होतं ते भरलं. आईला मुलाचं खरं कळायला नको? म्हातारी ऐकेल, शपथेची आठवण देईल, भावजी व्हॅनकडे परत जातील. मग बँडला गाणारा लागेलच. गाणी माझ्याच अक्षरात आहेत.

१८ ऑक्टोबर, रविवार

कॅसेट तुकारामच्या बॅगेत गेली. तो म्हणाला, "निरोप काय सांगू तोंडी?" म्हटलं, दोन्ही बाजू ऐका म्हणावं.

येताना रस्त्यात एक बहारीनी म्हातारा गाढवावरून गवत नेत होता. गाढवाच्या शेपटीला मेंदी लावलेली. त्याच्यामागे बरंच चाललो. बस चुकली.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

हॉटेलने भावजींना काँट्रॅक्ट दिलं. वर्षभराचं, आठवड्यातून पाच दिवस, व्हॅन सोडायची, व्हिसा हॉटेलचा. इंग्रजी कागद वाचायला कोण? भावजी म्हणाले जयप्रकाश साहेब. दोघे गेलो.

साहेबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "दत्ताराम, चांगलं आहे हो. पुढे दुबई, मस्कतलाही पाठवणार म्हणतात. आणि हे काय, सेकंड व्हॉइस... शंभू?" माझ्याकडे बघितलं.

भावजी जमिनीकडे बघत म्हणाले, "मी सांगलंय त्येंका. शंभू नसलो तर मी पण नाय. पाठीमागसून कोणतरी आपलो होयो."

हेमा वहिनी म्हणाल्या, "अय्या, किती छान!"

छान! म्हणजे आता मी मागे, झांज घेऊन. यांनी दिलेलं ताट, यांनी दिलेली खाट, आता यांनी दिलेली पाठ बघत गायचं. बुवा मी होतो.

मग साहेबांनी गाण्यांचे अर्थ सांगितले. कधी कुणी सांगितलेच नव्हते. भावजी ज्या गाण्याला सगळ्यात जास्त टाळ्या घेतात, त्यात म्हणे एक ट्रक ड्रायव्हर आहे, घर सोडून वर्षं झालीत आणि म्हातारी आई रोज संध्याकाळी ओसरीवर दिवा ठेवून बसते. भावजींच्या हातातली बशी तशीच राहिली. चहा निवला.

"ह्या मी हसत हसत गावत होतंय," म्हणाले.

जिन्यावरून उतरताना म्हणाले, सही लगेच करणार नाही. जानेवारीत रजेवर जाऊन आईला समोर बसून सगळं सांगणार, ती हो म्हणाली तरच. कमाल थांबायला तयार आहे.

कॅसेट तर पुढे गेलीय.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

आशुराचे दिवस. सगळीकडे बाजा बंद, हॉटेलातही. गल्लीत काळे झेंडे. दुपारी खोलीवर भावजींनी सुरमईचं तिखलं केलं. आमच्या भागाची चव आणायला त्रिफळं त्यांनी बायकडून मागवली होती, डबीत चार उरली होती, चारही घातली.

"रागावलंस माझ्यावर?" विचारलं.

"छे."

"मग काँट्रॅक्टात नाव घातलंय तेवासून गप कित्याक?"

मी म्हटलं, "भावजी, बारीत मी बुवा होतो. तुम्ही मागे होता."

"व्हय."

"मग इथे उलटं का?"

त्यांनी माशाचं डोकं माझ्या ताटात घातलं. म्हणाले, "उलटा खंय? मी पुढे उभो ऱ्हवतंय तेवा माझे पाय कापतत. तू मागे आसलस तर कापणार नाय. तू पुढे गावत होतस तेवा तुझे कापत होते?"

"नाही."

"मगे? मी होतंय ना मागे."

बोलण्यात यांना कुणी हरवू शकत नाही आणि वर म्हणतात मी साधा माणूस. कॅसेटचं सांगावं असं दोन-तीनदा ओठांवर आलं. मग बाहेर फळीवर ठेवलेली ती हॅट दिसली आणि नाही सांगितलं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

भावजींना दुपारची ड्युटी लागली, गाणं उशिरा होतं. मी कमालला म्हटलं, तोवर मी गाऊन बघू? तो म्हणाला, "हौ, गाओ मियाँ, किसने रोका?"

गायलो. आवाज खणखणीत लागला. दुसऱ्या कडव्यात तळ्यात एक पोरगं उलटं पोहत होतं, त्याच्याकडे लक्ष गेलं आणि बँड पुढे गेला, मी मागे राहिलो. लोक जेवत होते. जेवतच राहिले.

कमालने काड्या खाली ठेवल्या. "आवाज अच्छा है तुम्हारा. मगर तुम गाने में से उठके चले जाते. दत्ता देखो, अर्थ मालूम नहीं, फिर भी घर में बैठा रहता गाने के अंदर."

"मी बुवा होतो," मी हिंदीत म्हटलं.

"हौ, मालूम. दत्ता रोज बोलता. मेरा साला बहुत बड़ा बुवा है बोलता." मग हसला. "मैं समझा बुवा बोले तो मौलाना."

रोज बोलतात! मला खाली दाखवायची ही पण एक पद्धत असते. माणूस आपल्याच तोंडाने दुसऱ्याचं कौतुक करत सुटला की ऐकणाऱ्याला तोच मोठा वाटतो.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

कॅसेट आली. पोस्टाने, गुंडाळलेल्या फडक्यावर बायचं अक्षर. सकाळी आंघोळ करून भावजींनी लावली. मी खाटेच्या कडेवर.

आधी कोंबडा आरवला. मग काशीबाई. नेहमीसारखी ओरडून नाही, हळू.

"दत्तू, तुझी कॅशेट गावली. दोनय बाजू आयकलंव."

भावजींनी टेपकडे असं बघितलं, जणू तो चुकीचं बोलला.

"दुसरी बाजू वाडयेन आयकल्यान. त्या गाणा माका कळाक नाय. पण मधी तू कुकारो मारलस, तो कळलो. तसो कुकारो तुझो बापूस मारी, एन्ट्री घेवच्या आधी. लोक टाळ्यो मारीत आणि मी घरात चूल फुकी." मग तिने नाक शिंकरलं. "मी रवळनाथाक कौल लावलंय. गुरवान पाकळ्यो लावल्यान. मी इतक्याच इचारलंय देवाक, गळो हयचो आसा तर तो थंय कित्याक वाजता? झिलाक घराक बोलवू? उजवी पाकळी पडली, देवान व्हय म्हटल्यान. ये तू. गावचा आसला तर हयसर गा, माझ्या डोळ्यासमोर. पुढे बसान गा. मी शपत सोडवलंय."

कोंबडा परत आरवला आणि संपलं.

भावजींनी बटण दाबून ठेवलं, बोट तसंच. "दुसरी बाजू," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, "चुकून भरली गेली असेल. टेप पिशवीत होता, बटण दाबलं गेलं असेल."

"आसात," म्हणाले. मग उठले आणि माझी चादर, जी रोज तशीच पडलेली असते, तिची नीट घडी घालून उशीवर ठेवली.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

जातायत. कायमचे. मी वाटेल ते सांगून बघितलं. खरंच सांगून बघितलं, हे इथे लिहून ठेवतो. म्हटलं, म्हातारीला फोटो पाठवू, साहेबांना पत्र लिहायला लावू. कमाल तर खोलीवर येऊन नाचला. "अम्मा ने फूल गिराया तो नौकरी छोड़ते? पागल हो गए क्या मियाँ? जाके मिलके आओ, मैं रुकता."

"कंपनी व्हिसा कॅन्सल करणार," भावजी म्हणाले. "कायमचा जातंय सांगलंय मी. अर्धा जावचा आणि अर्धा ऱ्हवचा माझ्या बापाशीन केल्यान. मी नाय करूचंय."

मी म्हातारीला अंदाजात धरलं होतं, देवाला धरलं नव्हतं. म्हातारी गाणं बंद करील एवढाच माझा हिशेब. व्हॅन तरी राहील असं वाटलं होतं.

४ डिसेंबर, शुक्रवार

मुहर्रकच्या एअरपोर्टवर सोडून आलो. भावजींनी हॅट माझ्या डोक्यावर ठेवली. आतली पेपराची घडी काढली, माझं डोकं मोठं आहे म्हणून. मग म्हणाले, "कमालक सांगलंय मी. तू गा. पण कुकारो मारू नको, तुझो घसो बसतलो. तुझी जागा वेगळी आसा, ती शोध."

"भावजी..." मी म्हटलं.

"सत्याक काय सांगू?"

"सांगा मी बरो आसंय."

आत गेले. मागे वळून बघतील म्हणून थांबलो. काचेत माझाच हॅटवाला चेहरा दिसत होता. बराच वेळ तोच बघत राहिलो, ते कधी आत गेले कळलं नाही.

१ जानेवारी १९८२, शुक्रवार

डायरी संपली, पण सुरुवातीची नऊ महिन्यांची पानं कोरी आहेतच, तर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. फक्त वार खोडून एकाने पुढचा लिहावा लागतो.

चार शुक्रवार गायलो. बोर्ड बदलला, 'शॅम'. लोक जेवता जेवता ऐकतात. एका अमेरिकनाने विचारलं, तो दुसरा कुठे गेला? मी म्हटलं, नो इंग्लिश.

बायचं कार्ड आलं. वर गणपती, आत दोनच ओळी.

'शंभू, कॅसेटीत खोकला तुझा होता. मी कुणाला सांगितलं नाही.'

खोकला काय, कुणाचाही असतो. इथे निम्मं सलमाबाद खोकतं. कार्ड दहा वेळा वाचलं. बायने लहानपणी माझा डांग्या खोकला रात्री जागून काढला होता, आई शेतावरून दमून यायची म्हणून. तिला कळलं असेल. पण मग भांडली का नाही? भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

२२ जानेवारी, शुक्रवार

तुकाराम रजेवरून आला. बातम्या घेऊन आला आणि माझा अख्खा दिवस नासला.

भावजी आता बुवा आहेत. माझ्या पेटीवर. काशीबाई स्वतः पहिल्या ओळीत बसते. आणि करतात काय? इकडच्या गाण्यांच्या चाली घेतात, त्यावर अभंग बसवतात, गजराच्या शेवटी कुकारा. तीन तालुक्यांत नाव झालंय. तुकारामने स्वतः एक बारी ऐकली, माणूस मावत नव्हता म्हणाला.

"समोरच्या बुवान टोमणा मारल्यान," तुकाराम सांगत होता, "बहारीनातसून पळान इलो म्हणान. दत्तान काय उत्तर दिल्यान माहीत आसा? म्हणालो, मी पळाक नाय, मी माझ्या बुवाक थंय ठेवन इलंय. मी फकस्त कोरस. लोकांनी फेटे उडयल्यानी!"

म्हणजे माझं नाव घेऊनही टाळ्या त्यांनाच.

मी यांची जागा घेतली तर यांनी माझी घेतली, आणि माझीच चांगली होती. इथे मी हॅट घालून कोळंबी खाणाऱ्यांसमोर उभा, तिथे ते माझ्या पेटीवर. हे मला तेव्हा कसं सुचलं नाही? मीच गेलो असतो तर?

तुकाराम निघताना घुटमळला. "पण घरचा काय खरा नाय रे. भजनान पॉट भरणा नाय. व्हॅन गेली, हॉटेल गेला. सत्यवतीक इचारलंय, गप ऱ्हवली. कायतरी मनात धरलल्यान हा तिना. मुंबैक कुणा एजंटाक भेटाक गेलली."

मी त्याच्याकडे नीट लक्ष दिलं नाही. फेट्यांचंच डोक्यात होतं.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

हे हॉटेलच्या मागच्या खोलीत लिहितोय, गाणं सुरू व्हायला थोडा वेळ आहे. थंडी छान आहे, तळ्याकाठी गर्दी जास्त. गाण्यांसाठी डायरी बरोबर असतेच.

आज मी ठरवलंय, कुकारा मारायचा. महिनाभर वेअरहाऊसमागे वाळूत जाऊन केलाय. घसा बसतो म्हणे. यांना एकट्यालाच डोंगर होता का? ट्रक ड्रायव्हरचं गाणं घेणार, आई दिवा ठेवून बसते तिथे मारणार. एकदा लोक खुर्च्यांवर चढले की मी गावी कॅसेट पाठवणार, दोन्ही बाजू भरून. वाडीला कळू दे. काशीबाईला कळू दे. बायला पण, खोकला ओळखते तर आवाजही ओळखेल.

मग कदाचित भावजींना परत बोलवीन. मागे उभं राहायला. म्हणजे तसं नाही, बाजूला. व्हिसाचं कमालला विचारायला हवं. खरं सांगायचं तर गेल्या शुक्रवारी माझे पाय कापत होते आणि मागे वळून बघितलं तर कमालचा ढोल.

कमाल आला. ढोल लावायचा सोडून इकडे काय करतोय? म्हणतो, "मियाँ, बाहर एक अंग्रेज फॅमिली आई है, तीन बच्चे. उनकी नई आया तुमको पूछ रही."

मी म्हटलं, मी कुठल्या आयेला ओळखत नाही. कुठली आहे?

"तुम्हारी तरफ की दिखती. हफ्ता हुआ बोली आके. छोटा वाला कमर पे लेके खड़ी है, स्टेज के सामने. नाम पूछा तो नहीं बताई." डोक्यावर हात फिरवून आठवतोय. "बोली, शंभू को बोलो बाय आई है. इतना बोलो, समझ जाएगा."